शौचातून रक्त येतंय? दर वेळी ती मूळव्याधच असेल असं नाही

एसटी स्टँडची भिंत असो की लोकलचा डबा, 'मूळव्याध, फिशर, भगंदर... विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' ही जाहिरात महाराष्ट्रात कुठेही दिसते. आता ती रील्समध्येही दिसू लागली आहे. त्यामुळे शौचाच्या वेळी रक्त दिसलं की अनेक जण तपासणीआधीच निदान करून मोकळे होतात. कुणी मेडिकलमधून मलम आणतं, कुणी तिखट बंद करतं, तर कुणी लाजेपोटी घरातही सांगत नाही.

अनेकदा 'मूळव्याधच असेल' हा अंदाज खरा निघतो. पण रक्त हे फक्त लक्षण आहे. त्यामागे साध्या जखमेपासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपर्यंत काहीही असू शकतं आणि हा फरक घरबसल्या ओळखता येत नाही.

मूळव्याध म्हणजे नेमकं काय?

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला असतात आणि गुदद्वार नीट बंद राहायला मदत करतात. सततची बद्धकोष्ठता, शौचाला जोर लावणं, तासनतास बसून काम, गरोदरपण किंवा वाढत्या वयामुळे या गाद्या सुजतात आणि खाली सरकतात. यालाच मूळव्याध म्हणतात.

आतल्या मूळव्याधीचे चार टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात कोंब बाहेर येत नाही. दुसऱ्यात तो जोर दिल्यावर बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्यात तो बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथ्यात तो बाहेरच राहतो.

आतल्या भागाला वेदना जाणवत नसल्याने तिथून लालभडक रक्त थेंब थेंब किंवा धारेने पडलं, तरी सहसा दुखत नाही. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गाठ झाली, तर मात्र निळसर, टणक फुगवटा येतो आणि बसणंही कठीण होतं.

मग रक्त आणखी कशामुळे येतं?

*फिशर:* कडक मलामुळे गुदद्वाराच्या त्वचेला चीर पडते. शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, नंतरही बराच वेळ आग होते. रक्त सहसा थोडंच असतं.

*भगंदर:* गुदद्वाराजवळ छोटं छिद्र तयार होऊन त्यातून पू आणि कधी कधी रक्त येतं.

*आव किंवा जंतुसंसर्ग:* जुलाब, पोटात मुरडा, ताप आणि शेमेसोबत रक्त.

*आतड्याची दीर्घकालीन सूज:* 'अल्सरेटिव्ह कोलायटिस'सारख्या आजारात रक्त आणि शेम पडते, वारंवार शौचाला जावं लागतं. हा आजार तरुण वयातही सुरू होतो.

*पॉलिप आणि कॅन्सर:* आतड्याच्या आतल्या थरावर येणाऱ्या छोट्या गाठींना पॉलिप म्हणतात. त्यातल्या काहींचं रूपांतर काही वर्षांत कॅन्सरमध्ये होऊ शकतं. वेळीच सापडल्या तर दुर्बिणीच्या तपासणीतच त्या काढता येतात.

रंगावरून काय कळतं?

लालभडक रक्त सहसा गुदद्वाराजवळचं असतं. गडद, मलात मिसळलेलं रक्त आतड्यात आणखी वरून आलेलं असू शकतं. डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा मल असेल, तर जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

पण लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो आणि बीट खाल्ल्यावर लालसर दिसतो. दुसरीकडे, गुदाशयातल्या कॅन्सरमध्येही ताजं लाल रक्त येऊ शकतं. त्यामुळे रंग डॉक्टरांना जरूर सांगावा, पण त्यावरून स्वतःच निदान करू नये.

'माझं वय कमी आहे, मला काय होणार?'

'ब्लॅक पँथर' फेम अभिनेता चॅडविक बोसमन याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर असल्याचं २०१६ मध्ये निदान झालं. २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अशा ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं आणि निम्म्याहून अधिक जणांना शौचातून रक्त जाण्याचा त्रास होता. हे एकाच मोठ्या रुग्णालयातलं चित्र असलं, तरी कॅन्सर हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही, हे त्यातून दिसतं.

अमेरिकेत लक्षणं नसलेल्यांनीही आतड्याची तपासणी कधीपासून करावी, याचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं गेलं. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. म्हणून इथे लक्षणांकडे लक्ष देणं अधिक महत्त्वाचं ठरतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सरही असू शकतो. जुनं निदान असलं, तरी लक्षणं बदलली की पुन्हा तपासणी करायला हवी.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पहिल्यांदाच रक्त दिसलं किंवा ते पुन्हा पुन्हा येत असेल, तर एकदा तपासून घ्यावं. पुढीलपैकी काही असेल तर उशीर करू नये:

- काही आठवड्यांपासून शौचाच्या सवयी बदलल्या आहेत
- पोट साफ न झाल्यासारखं सतत वाटतं
- कारण नसताना वजन घटतंय
- थकवा, धाप किंवा हिमोग्लोबिन कमी आहे
- घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला आहे

खूप रक्त जात असेल, चक्कर येत असेल किंवा मल डांबरासारखा काळा असेल, तर थेट रुग्णालय गाठावं. रक्त पातळ करणारी औषधं सुरू असल्यास ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावीत.

तपासणीत काय होतं?

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीतही ही तपासणी होते. डॉक्टर आधी बाहेरून पाहतात, ग्लोव्ह घालून बोटाने तपासतात आणि गरज असल्यास छोट्या नळीतून आत पाहतात. याला काही मिनिटंच लागतात. शंका वाटली किंवा वय जास्त असेल, तर कोलोनोस्कोपी सुचवली जाते. महिला डॉक्टर हवी असल्यास तसं सांगता येतं.

उपचार आणि फोनची सवय

सुरुवातीच्या टप्प्यातली मूळव्याध अनेकदा ऑपरेशनशिवाय आटोक्यात येते. भाकरी, डाळी, पालेभाज्या, सालासकट फळं, पुरेसं पाणी आणि कोमट पाण्यात बसणं यांचा उपयोग होतो. त्याने भागलं नाही, तर कोंबाला रबर बँड लावणं आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. जाहिरात पाहून कुणाकडूनही इंजेक्शन घेणं किंवा जळजळीत औषध लावून घेणं धोक्याचं आहे. त्याने जखम आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

टॉयलेटमध्ये फोन नेणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. अमेरिकेत कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या १२५ जणांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉयलेटमध्ये फोन वापरणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त आढळली. फोनमुळेच मूळव्याध होते, हे यातून सिद्ध होत नाही. पण फोन वापरणारे तिथे जास्त वेळ बसतात, हे त्यात दिसलं.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी आठवून ठेवाव्यात: रक्त कधीपासून येतंय, रंग कसा आहे, दुखतं का आणि सध्या कोणती औषधं सुरू आहेत. एवढ्या माहितीवर तपासणीची दिशा ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं.