जुना मॅकिंटॉश आणि मॉनिटरची केबल

ज्या मुद्रणालयांनी वा पेढ्यांनी १९९० च्या दशकात आपले काम मॅकिंटॉश संगणकावर केले, त्यांपैकी काहींच्या माळ्यावर ते यंत्र आजही पडून असेल. यंत्र चालते, परंतु त्याचा मूळ मॉनिटर निकामी झालेला असतो, आणि पडदा उजळल्याखेरीज आतील मजकूर व हिशेब हाती लागत नाहीत. सामान्य संगणकाचा व्ही. जी. ए. मॉनिटर घरात असला, तरी त्याच्या केबलचे टोक मॅकिंटॉशला बसत नाही. ही अडचण दूर होण्याजोगी आहे.

पिना दोहोंकडे पंधराच. आय. बी. एम. ने १९८७ साली आणलेल्या व्ही. जी. ए. पद्धतीत त्या तीन ओळींत असतात. मॅकिंटॉशमध्ये आठ व सात अशा दोन ओळींत. चित्र मात्र एकाच रीतीने जाते: तांबडा, हिरवा व निळा हे रंग तीन तारांतून, सुमारे ०.७ व्होल्ट इतक्या अल्प दाबाने. आणि ओळ केव्हा संपली, पडदा केव्हा भरला, हे सांगणारे दोन संकेत आणखी दोन तारांतून. म्हणून केबलचे टोक कापून तेथे दोन ओळींचे टोक सोल्डर केले, की बहुतेक काम होते.

व्ही. जी. ए. ची १ क्रमांकाची तांबडी तार मॅकिंटॉशच्या २ ला, २ ची हिरवी ५ ला व ३ ची निळी ९ ला जोडावी. त्यांच्या परतीच्या ६, ७, ८ या तारा अनुक्रमे १, ६, १३ ला. आडवा संकेत १३ वरून १५ ला, उभा १४ वरून १२ ला, आणि संकेतांची परतीची तार १० वरून १४ ला. वेष्टनाच्या रंगावर विसंबू नये. प्रत्येक तार मीटरने तपासावी. टोकाच्या मागील बाजूने पाहता पिनांचा क्रम उलटा दिसतो, आणि नवख्याचा घोटाळा बहुधा येथेच होतो.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर कारण निराळे असते. मॅकिंटॉश सुरू होताना ४, ७ व १० या पिनांपैकी कोणत्या जमिनीला, म्हणजे ११ ला, जोडल्या आहेत हे पाहून मॉनिटर कोणता ते ठरवतो. तिन्ही मोकळ्या असतील, तर मॉनिटरच नाही असे समजून तो चित्र पाठवीत नाही. जुन्या बाजारात छोट्या खटक्यांचे तयार ॲडॉप्टर मिळतात, ते याच कामासाठी. मिळाल्यास तेच घेणे शहाणपणाचे.

केबल वेग बदलू शकत नाही, हेही ध्यानात घ्यावे. साध्या व्ही. जी. ए. चित्रात सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी असतात, मॅकिंटॉशच्या ६४० गुणिले ४८० च्या चित्रात ३५,०००. एकाच वेगाचा जुना मॉनिटर येथे निरुपयोगी. अनेक वेग पेलणारा हवा. पुस्तिकेत ‘६४० × ४८०, ६७ हर्ट्‌झ’ अशी नोंद असल्यास निश्चिंत व्हावे.

जोडणी दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच करावी. काचनळीच्या मॉनिटरचे झाकण उघडण्याचे कारणच नाही. आत हजारो व्होल्टचा दाब बंद केल्यावरही काही काळ टिकतो. पांढरा भाग निळसर-हिरवा दिसला तर तांबडी तार सुटली, पिवळा दिसला तर निळी. चित्र वरखाली धावू लागले तर उभ्या संकेताची तार पुन्हा पाहावी.