भंगलेल्या आदर्श नगरीचा शोध : आधुनिकतावादी वास्तुकला आणि समकालीन कलेचा प्रतिसाद

प्रस्तावना

१९७२ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो या सार्वजनिक गृहवसाहतीच्या इमारती स्फोटकांनी पाडण्यास प्रारंभ झाला. मिनोरू यामासाकी यांनी योजिलेल्या या वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या आणि त्यांना पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने १९७७ मध्ये या घटनेला आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू असे संबोधिले. पुढे हे विधान जणू सिद्धान्तच बनले. वस्तुतः इमारती उभारण्यासाठी शासनाचा पैसा मिळाला, देखभाल मात्र गरीब भाडेकरूंच्या भाड्यातून व्हावी अशी व्यवस्था होती. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरे रिकामी पडली, भाडे आटले आणि दुरुस्ती थांबली. तेव्हा अपयश वास्तूचे, व्यवस्थेचे की समाजाचे, हा प्रश्न उरतोच. समकालीन दृक्कलेने हा प्रश्न कसा हाताळला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन कलाकृतींच्या आधारे केला आहे.

स्वप्नाचे स्वरूप

‘युटोपिया’ हा शब्द थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये रूढ केला. कोठेही अस्तित्वात नसलेले स्थळ, हा त्याचा मूळ ग्रीक धातूंवरून होणारा अर्थ. विसाव्या शतकातील आधुनिकतावादी वास्तुकारांनी मात्र ते स्थळ प्रत्यक्ष बांधता येईल असे मानले. ल कॉर्बुझिए यांच्या दृष्टीने घर हे राहण्याचे यंत्र होते. आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९३३ मध्ये निवास, काम, विरंगुळा आणि दळणवळण अशी नगराची चार कार्ये निश्चित केली. काँक्रीट, प्रकाश, मोकळी हवा आणि शिस्तबद्ध आराखडा यांच्या योगे दारिद्र्य व विषमता दूर होईल, ही या विचारामागील श्रद्धा होती. ती श्रद्धा पोकळ नव्हती. अंधाऱ्या, दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाविषयीची कणव तिच्या मुळाशी होती. परंतु आराखड्यात माणूस बहुधा सरासरीच्या रूपाने आला, व्यक्ती म्हणून नव्हे.

नलिनी मलानी : एका स्वप्नाचे दोन चित्रपट

स्वातंत्र्योत्तर भारतात या विचाराला राष्ट्रनिर्मितीचे बळ लाभले. मुंबईची वाढती गर्दी सामावून घेण्यासाठी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना १९६०च्या दशकात मांडली आणि १९७० मध्ये त्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. याच वातावरणात, १९६९ साली, नलिनी मलानी या तरुण चित्रकर्तीने अकबर पदमसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या प्रयोगशील कार्यशाळेत ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट तयार केला. घरांच्या छोट्या प्रतिकृती आणि रंगीत प्रकाश यांतून तो साकारला आहे. त्यात आकार आहेत, रंग आहेत, आशा आहे. माणूस मात्र नाही.

१९७६ मध्ये मलानी यांनी त्याच्या जोडीला दुसरा, कृष्णधवल चित्रपट ठेवला. त्यात एक तरुण स्त्री मुंबईच्या पसरलेल्या वस्तीकडे पाहत आहे. हे दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी दाखविले जातात आणि त्या एकत्रित कलाकृतीचे नाव ‘युटोपिया’ आहे. येथे पहिला चित्रपट रद्द केलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. स्वप्न आणि वास्तव यांना एकाच भिंतीवर जागा दिल्यामुळे प्रेक्षकाला स्वप्नाची टर उडविता येत नाही आणि त्यात रमताही येत नाही. दोहोंमधील अंतर हाच या कलाकृतीचा आशय होय.

चंदीगड : खुर्चीचा उलटा प्रवास

१९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या मार्गदर्शनाखाली आकारास आलेले चंदीगड हे या स्वप्नाचे भारतातील सर्वांत ठळक रूप. तेथील कार्यालयांसाठी पिएर जानरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत यांचे साधे, टिकाऊ फर्निचर योजिले. कालांतराने ते मोडकळीस आले आणि सरकारी लिलावांत भंगाराच्या भावाने विकले गेले. युरोपातील व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, दुरुस्त केले आणि प्रचंड किमतीस विकले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या विक्रीस प्रतिबंध करणारा आदेश काढला.

अमेरिकन कलावती एमी सीगल यांच्या ‘प्रोव्हेनन्स’ (२०१३) या चित्रपटात हा प्रवास उलट्या क्रमाने येतो. पाश्चात्त्य संग्राहकांची श्रीमंत घरे, लिलावगृहे, दुरुस्तीची कर्मशाळा, मालवाहू जहाज आणि अखेर चंदीगडची कार्यालये. निवेदन मुळीच नाही. त्याच वर्षी सीगल यांनी हा चित्रपटही लंडनमध्ये लिलावास काढला आणि त्या लिलावावर दुसरी फिल्म केली. समतेच्या आदर्शासाठी घडविलेली वस्तू चैनीची वस्तू कशी बनते, हे दाखविताना आपली कलाकृतीही त्याच बाजारात उभी आहे, याची ही प्रांजळ कबुली होय.

याच शहरात नेकचंद या रस्ते निरीक्षकाने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुपचूप एक वेगळे विश्व उभारले होते. राजधानीसाठी पाडलेल्या गावांचे अवशेष, फुटकी भांडी व बांगड्यांचे तुकडे यांतून घडलेले ‘रॉक गार्डन’ १९७६ मध्ये जनतेसाठी खुले झाले. आराखड्याने जे टाकून दिले, तेच येथे शिल्प झाले.

रॉबिन हूड गार्डन्स : जतन कशाचे?

ॲलिसन व पीटर स्मिथसन यांनी योजिलेली पूर्व लंडनमधील ही वसाहत १९७२ मध्ये पूर्ण झाली. तीत २१३ घरे होती. २०१७ मध्ये ती पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजली भाग जतन केला. २०१८च्या व्हेनिस द्वैवार्षिक वास्तुकला प्रदर्शनात त्यासोबत दो हो सू या कोरियन कलावंताची फिल्म दाखविण्यात आली. तिचा कॅमेरा घराघरांतून संथपणे सरकतो. आराखड्यात सारखी असलेली घरे राहणाऱ्यांच्या वस्तूंमुळे, पडद्यांमुळे, रंगांमुळे एकमेकांहून सर्वस्वी भिन्न झालेली दिसतात. अपयशी ठरविलेल्या इमारतीत माणसांनी संसार थाटले होते, हे सत्य त्यातून प्रकट होते. जतन केलेला भाग २०२५ मध्ये संग्रहालयाच्या पूर्व लंडनमधील नव्या भांडारात प्रदर्शित झाला. दर्शनी भिंत सुरक्षित राहिली. रहिवासी मात्र अन्यत्र गेले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या कलाकृती आधुनिकतावादाचा निवाडा करीत नाहीत. आराखड्यातून वगळलेल्या गोष्टी त्या पुन्हा समोर ठेवतात. मलानी त्या आराखड्यासमोर पाहणारी व्यक्ती आणतात, सीगल बाजार दाखवितात, तर सू रहिवासाचा माग घेतात. भग्न काँक्रीटच्या सौंदर्याने मोहित होणे सोपे आहे आणि कलेपुढील खरा धोकाही तोच आहे. कारण अवशेष सुंदर ठरला की तेथे राहणाऱ्याचा प्रश्न मागे पडतो. सर्वांना प्रकाश, हवा आणि प्रतिष्ठेचे घर मिळावे, ही मूळ मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही. इमारती पाडल्याने ती मागणी संपत नाही, याची आठवण या कलाकृती देतात आणि म्हणूनच त्यांचा अभ्यास वास्तुशास्त्राइतकाच समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठीही आवश्यक ठरतो.