व्हिसाची तारीख आणि वास्तव्याची मुदत : पासपोर्टवरील स्टिकर कसा वाचावा?

वाराणसीच्या दुर्गाघाटावर आणि त्याला लागून असलेल्या ब्रह्माघाट-पंचगंगा परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पेशवेकाळापासून आहे. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने येथील घाट बांधले गेले आणि कोकणातून व देशावरून आलेली घराणी येथे स्थिरावली. त्या काळी दूरच्या प्रवासास निघणाऱ्यास वाटेतील चौक्या ओलांडण्यासाठी दस्तक लागे. नव्या गावी जमीन वा वृत्ती मिळाल्यास तिची सनद निराळी असे. चौकी ओलांडण्याचा कागद वेगळा आणि राहण्याच्या हक्काचा कागद वेगळा, हा भेद त्या पूर्वजांना ठाऊक होता. आज त्यांच्याच वंशातील मुलेमुली जर्मनी, कॅनडा, अमेरिका वा आखाती देशांत जात असताना नेमका हाच भेद आपण विसरतो, असा आमच्या शाखेतील अनुभव आहे.

काही महिन्यांपूर्वी दुर्गाघाटावरील एक वयोवृद्ध ग्राहक, सेवानिवृत्त शिक्षक, आपली मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी आले. त्यांची नात जर्मनीत उच्च शिक्षणासाठी गेली होती. तिच्या पासपोर्टवरील व्हिसाची छायाप्रत त्यांच्या पिशवीत होती आणि त्यावरील अखेरची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. एका मध्यस्थाने ‘व्हिसा वाढवून देतो’ असे सांगून त्यांच्याकडे दीड लाख रुपये मागितले होते. नातीला परीक्षेच्या दिवसांत काळजी नको, म्हणून त्यांनी तिला काहीच विचारले नव्हते.

“काका, ठेव मोडण्याआधी एक फोन करू या,” असे मी सुचविले. नातीने सांगितले ते असे : तेथे पोहोचताच तिने आपल्या पत्त्याची नोंदणी केली होती, परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज दिला होता आणि अर्ज मिळाल्याची लेखी पोचही तिच्याजवळ होती. अधिकृत शुल्क सुमारे शंभर युरो होते व ते तिने स्वतःच भरायचे होते. ठेव मोडावी लागली नाही. परंतु मुदतीपूर्वी मोडलेली ठेव आणि हातातून गेलेले दीड लाख यांच्यात केवळ एका फोनचे अंतर होते, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

व्हिसा म्हणजे काय आणि काय नव्हे?

व्हिसा ही त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची व प्रवेश मागण्याची अनुमती होय. आत किती दिवस राहता येईल हे बहुतेक देशांत अन्य कागदावर, प्रवेशाच्या नोंदीवर किंवा निवास परवान्यावर ठरते. अमेरिकेचे उदाहरण घ्या. नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर छापलेली अखेरची तारीख ही त्या व्हिसावर प्रवेश मागण्याची अखेरची तारीख आहे. प्रत्यक्ष वास्तव्याची मुदत विमानतळावर प्रवेश देताना ‘आय-९४’ या नोंदीत ठरते. विमानतळांवर २०१३ पासून ही नोंद संगणकीय झाली असून ती प्रवाशाने स्वतः संकेतस्थळावरून काढून पाहावयाची असते. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर ही तारीखही अलीकडची दिली जाऊ शकते. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण निघण्यापूर्वीच करून घेणे श्रेयस्कर.

स्टिकरवरील रकाने

युरोपातील शेंगेन देशांच्या स्टिकरवर पुढील बाबी असतात : कोणत्या देशांसाठी वैध, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, प्रवेशांची संख्या, वास्तव्याचे दिवस, व्हिसाचा प्रकार आणि शेरा. यांपैकी ‘तारखेपर्यंत’ आणि ‘वास्तव्याचे दिवस’ हे दोन रकाने एकमेकांशी पडताळून वाचावे लागतात.

समजा, मुलाला भेटण्यास निघालेल्या आईवडिलांच्या व्हिसावर १ मे ते १५ जून असा कालावधी आणि वास्तव्याचे ३० दिवस लिहिले आहेत. ते १० मे रोजी पोहोचले तर आगमनाचा व परतीचा दिवस धरून त्यांचा तिसावा दिवस ८ जून हा होतो. १५ जूनपर्यंत थांबणे नियमभंग ठरेल. उलट, ते १ जूनला पोहोचले तर तीस दिवस मिळणार नाहीत, १५ जूनलाच निघावे लागेल. दोहोंपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळावयाची, हा सरळ हिशेब आहे. अल्पकालीन म्हणजे ‘सी’ प्रकारच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गम प्रणालीत हे दिवस शिक्क्यांऐवजी संगणकच मोजतो. त्यामुळे ‘कोण मोजत बसणार’ असे म्हणण्यास आता वाव उरलेला नाही.

शिक्षण वा नोकरीसाठी दीर्घकाळ राहावयाचे असल्यास ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा मिळतो. जर्मनीत तो पुष्कळदा काही महिन्यांपुरताच असतो आणि त्या अवधीत तेथे निवास परवाना मिळवावयाचा असतो. घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, ज्यास तेथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, ही पहिली पायरी. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परवान्याचा अर्ज, ही दुसरी. अर्ज वेळेत दिला असेल तर निर्णय होईपर्यंत वास्तव्य वैध मानले जाते व तसे प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. २०११ पासून हा परवाना इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या रूपात मिळतो. वर सांगितलेल्या नातीचे प्रकरण याच टप्प्यावर होते.

तळाच्या दोन ओळी

यंत्राने वाचता येणाऱ्या स्टिकरच्या तळाशी इंग्रजी अक्षरे, अंक आणि बाणांसारख्या चिन्हांच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरविलेली ही मांडणी आहे. पहिली ओळ ‘व्ही’ या अक्षराने सुरू होते आणि तीत व्हिसा देणारा देश व धारकाचे नाव येते. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा किंवा व्हिसाचा क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख व मुदत येते. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलेल्या असतात. क्रमांक व तारखांच्या पुढे एकेक ताळ्याचा अंक असतो. मूळ आकडा ठरावीक पद्धतीने गुणून तो काढलेला असतो. आम्हा बँकेतील मंडळींना ताळ्याचे महत्त्व सांगावयास नको! वरचा आकडा कोणी बदलला तर हा ताळा जुळत नाही.

सामान्य वाचकाने हा गुणाकार करण्याची गरज नाही. वरील मजकूर, तळाच्या ओळी आणि पासपोर्ट या तिन्हींतील नाव, जन्मतारीख व क्रमांक एकसारखे आहेत ना, एवढे पाहिले तरी पुरे. नावाच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. शाळेच्या दाखल्यावर नुसते नाव व आडनाव, तर पासपोर्टवर मधे वडिलांचे वा पतीचेही नाव, असे आपल्याकडे अनेकदा घडते. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर असलेले नाव आडनावाच्या जागी जाते व नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची तीन अक्षरे छापली जातात. पुढे बँक खाते व वेतन या सर्वच ठिकाणी त्याचा त्रास होतो.

जेथे स्टिकरच नाही

अलीकडे अनेक देशांनी स्टिकर बंद केले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये व्हिसाची चिकटपट्टी देणे थांबविले. संयुक्त अरब अमिरातीत एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर निवासाचा स्टिकर लावला जात नाही, अमिरातीचे ओळखपत्र हाच वास्तव्याचा पुरावा होय. ब्रिटनमध्ये प्लास्टिकच्या निवास-कार्डांची जागा २०२४ च्या अखेरीपासून ई-व्हिसाने घेतली असून धारकाने संकेतस्थळावरून काढलेला ‘शेअर कोड’ पाहून मालक वा घरमालक खात्री करून घेतो. कॅनडाला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टवरील स्टिकर केवळ प्रवेशापुरता असतो. अभ्यास परवाना हा स्वतंत्र कागद असून तो विमानतळावर मिळतो. तेथून बाहेर पडण्यापूर्वीच त्यावरील नाव, संस्था व मुदत तपासावी.

बँकेला हे कागद का लागतात?

विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये नोकरी वा व्यवसायासाठी परदेशी गेलेली व्यक्ती अनिवासी ठरते. शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही अनिवासी मानावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये स्पष्ट केले. अशा व्यक्तीने आपले साधे बचत खाते अनिवासी साधारण म्हणजे एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावयाचे असते. परदेशातील कमाई भारतात ठेवून पुन्हा मुक्तपणे बाहेर नेता यावी, यासाठी एनआरई खाते असते.

यासाठी पासपोर्टसोबत व्हिसा वा निवास परवाना यांची प्रत मागितली जाते. मुदत संपलेल्या प्रवेश-व्हिसाऐवजी चालू निवास परवाना दिल्यास काम अडत नाही. निवासी आईवडिलांना मुलांच्या शिक्षणासाठी पैसे पाठवावयाचे असल्यास उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत मुभा आहे. त्यासाठी पॅन व विहित अर्ज लागतो.

निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर

१. पासपोर्ट, व्हिसा व प्रवेशपत्र यांतील नाव, जन्मतारीख व क्रमांक ताडून पाहावेत. चूक आढळल्यास प्रवासापूर्वीच दूतावासास कळवावे.

२. व्हिसाची अखेर, वास्तव्याचे दिवस व प्रवेशांची संख्या या तीन गोष्टी घरातील दिनदर्शिकेवर निरनिराळ्या लिहून ठेवाव्यात.

३. पोहोचल्यावर नोंदणी व निवास परवान्याचा अर्ज वेळेत द्यावा आणि पोच जपून ठेवावी. तिची एक प्रत घरी पाठवावी.

४. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी दलालाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळावी.

५. आपल्या बँक शाखेस निवासाच्या बदलाची सूचना द्यावी.

६. व्हिसाच्या नावाखाली कोणीही रक्कम मागितल्यास प्रथम परदेशातील आपल्या माणसाशी बोलावे, मगच ठेवीचा विचार करावा.

ते वयोवृद्ध शिक्षक अलीकडे पुन्हा शाखेत आले होते. नातीचे निवास कार्ड हाती आले असून त्याची प्रत त्यांनी खात्याच्या रूपांतरासाठी सोबत आणली होती. या वेळी त्यावरील तारीख त्यांनी स्वतःच वाचून दाखविली.