चिखलात वजन कामाला येत नाही

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे पडले की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. पावसाळी भात साऱ्या कोकणात होते. रोहे तालुक्यातल्या या पट्ट्यात ते उन्हाळ्यातही होते. मुळशी धरणाचे पाणी टाटांच्या भिरा वीजघरातून कुंडलिकेत उतरते, डोलवहालच्या बंधाऱ्याशी अडते आणि कालव्यांनी रोहे-माणगावच्या शेतांकडे वळते. हे वीजघर १९२७ सालचे. मुंबईच्या विजेसाठी डोंगराच्या पोटातून खाली सोडलेले पाणी इथल्या खाचरांना दुसरे पीक देऊन गेले. दोन पिके म्हणजे दोन चिखलण्या, आणि ट्रॅक्टरची खरी परीक्षा चिखलणीतच होते.

बैल कमी झाले, मग पॉवर टिलर आला, आता लहान ट्रॅक्टर येतो आहे. पंधरा ते सत्तावीस अश्वशक्तीचा, सातआठशे किलोंचा. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपी? दुसरा: टू-व्हील की फोर-व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना की चारही? खाचराच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. एचपी इंजिनाची ताकद सांगते. ती जमिनीला किती लागू पडेल, हे चाक आणि माती मिळून ठरवतात.

मातीचे हे गणित शार्ल-ऑगस्टिन कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७६ साली प्रसिद्ध केले. शाळेत त्याचे नाव विजेच्या नियमासाठी येते. त्याआधी तो तटबंदीच्या भिंतींवर येणारा मातीचा रेटा मोजत होता. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा, की मातीचा थर सरकायला जो विरोध करतो त्याचे दोन भाग असतात. एक कणाकणांतल्या घर्षणाचा. वरून भार जितका जास्त, तितका हा भाग मोठा. दुसरा मातीच्या स्वतःच्या चिकटपणाचा. त्याला भाराशी देणेघेणे नाही, किती क्षेत्रफळावर पकड आहे एवढेच तो बघतो.

कोरड्या रानात पहिला भाग भारी पडतो. हिशोबापुरता आठशे किलोंचा ट्रॅक्टर धरू, त्यातले पाचशे किलो मागच्या चाकांवर. घर्षणाचा गुणांक ०.५८ धरला तर मागची दोन चाके सुमारे २९० किलोंची ओढ देतील. मागे शंभर किलो वजन टांगले, तर आणखी ५८ मिळतील. देशावरचे शेतकरी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते याचसाठी. शिवाय नांगर ओढताना पुढचा भार आपोआप मागे सरकतो, म्हणजे जिथे ओढ हवी तिथेच वजन येते. सुक्या जमिनीत टू-व्हीलवर इतकी वर्षे भागले, त्यामागे हेच साधे यंत्रशास्त्र आहे.

चिखलणीच्या खाचरात मात्र मातीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. टायर वर चढते तेव्हा भार आधी त्या पाण्यावर येतो. चिकणमातीतून पाणी इतके सावकाश निसटते, की ते बाजूला होईपर्यंत चाक पुढे गेलेले असते. भार पाण्याने पेलला, कणांवर आलाच नाही, मग घर्षण वाढणार कुठून? उरतो तो चिकटपणा. तो चौरस मीटरला तीनशे किलो धरला आणि मागच्या दोन टायरांची चिखलातली पकड पाव चौरस मीटरची मानली, तर ओढ मिळते फक्त ७५ किलोंची. आता शंभर किलो वजन वाढवा. ओढीत जवळजवळ भर पडत नाही. ट्रॅक्टर तेवढा खोल जातो.

पुढची चाके याहून अडचणीची. टू-व्हीलमध्ये ती नुसती ढकलली जातात. बारीक टायर चिखलात रुतते आणि आपल्यापुढे चिखलाचा ढीग लोटत राहते. मागच्या चाकांनी मिळवलेली ओढ तिथेच खर्ची पडते. सुकाणू डावीकडे वळवले तरी ट्रॅक्टर सरळच घसरतो, मग चालक डावा ब्रेक वेगळा दाबून त्याला वळवतो. फोर-व्हीलमध्ये पुढचे चाक स्वतः फिरून त्या ढिगावर चढते. आपल्या हिशोबात त्याने ३० किलो ओढ वाढेल. आकडा किरकोळ वाटतो, पण चिखल लोटण्यात जाणारी ताकद वाचते तो नफा त्याहून मोठा.

रोटाव्हेटरमुळे हे आणखी उघडे पडते. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे माती कापता कापता ती ट्रॅक्टरला मागून रेटतात. म्हणजे चिखलणीत औजार ओढायला फारशी ताकद लागतच नाही. चारही चाके हवीत ती ट्रॅक्टरला स्वतःला तरंगत, वळत ठेवण्यासाठी.

तरी चिखलाखाली काय आहे, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या खाचरात वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी तोच धरून ठेवतो आणि चाकही त्याच्यावरच टेकते. हलका ट्रॅक्टर त्या थरावरून चालतो. पंचेचाळीस एचपीचा, दोन टनांचा गडी स्वस्त भाड्यात मिळाला म्हणून घातला तर थर जागोजाग फुटतो. पाणी मुरू लागते आणि पुढच्या वर्षी लहान ट्रॅक्टरही नेमका तिथेच रुततो. थर शाबूत असेल तर टू-व्हीलला मागे लोखंडी केज व्हील लावूनही चिखलणी होते. केज व्हीलच्या पट्ट्या क्षेत्रफळ वाढवतात, आणि चिखलात क्षेत्रफळच हवे. पेणकडच्या खारेपाटात, जिथे मोड आलेले बी फेकून रहू पेरतात, तिथली गाळाची चिकण खोलवर मऊ असते. तिथे चार चाकेही भरवशाची नाहीत. फोर-व्हीलचा एक तोटा असा, की तो टू-व्हीलपेक्षा जास्त आत जाऊन रुततो आणि मग बाहेर काढायला जास्त माणसे लागतात.

रुतलेला ट्रॅक्टर काढण्याची आपली रीत जीवघेणी आहे. मागच्या चाकाला ओंडका बांधायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन धुरा फिरवू पाहते. चाक फिरले तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाक अडलेलेच राहिले तर तोच जोर ट्रॅक्टरच्या धडाला धुऱ्याभोवती उलटा फिरवतो. नाक वर उठते आणि चालक मागे औजाराखाली येतो. याला दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबायचे सुचेपर्यंत सगळे संपलेले असते. रोटाव्हेटर उचलून बांध चढतानाही हाच धोका, म्हणून उंच बांधावर मागे-मागे चढावे. फोर-व्हीलमध्ये जोराचा काही वाटा पुढच्या चाकांकडे जातो, त्यामुळे नाक उचलण्याची ओढ कमी होते. माझ्या मते जास्तीचे पैसे मोजायला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

कंपन्यांचा कलही तिकडेच दिसतो. भातखाचरांत मुरलेल्या जपानी बनावटीचे कुबोटाचे लहान ट्रॅक्टर आपल्याकडे फोर-व्हीलमध्ये येतात. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी मांडलेली ओजा मालिका तर सगळीच फोर-व्हील आहे. अनुदानाच्या यादीतही दोन्हींचे रकाने वेगळे असतात, तेव्हा अर्ज करण्याआधीच ठरवलेले बरे.

फोर-व्हील घेतल्यावर एक दांडा मात्र सांभाळावा लागतो, पुढच्या चाकांचा जोर जोडण्या-तोडण्याचा. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत, अशीच गिअरची योजना असते. चिखलात हा फरक घसरण्यात जिरतो. डांबरावर घसरायला जागा नसते. फरक धुऱ्यांत आणि गिअरमध्ये पीळ होऊन साठतो आणि पुढची टायरे खातो. इथे एकाच घरची खाचरे गावात चार ठिकाणी विखुरलेली, मधे रस्ता. शेतातून बाहेर पडताना दांडा काढलाच पाहिजे. दुसरे दुखणे पुढच्या धुऱ्याच्या ऑइल सीलचे. चिखलातले कण सील कापतात, पाणी आत शिरते. हंगाम संपल्यावर खालचा नट सैल करून चार थेंब बोटावर घ्यावेत. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर सील गेले. ते तसेच ठेवले तर गिअरचा खर्च येतो.

ट्रॅक्टर स्वतःचा नसेल, भाड्याचा असेल, तरी हे शास्त्र खिशाशी येतेच. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा. कडक जमिनीवर औजार उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजा. लहान ट्रॅक्टरच्या टायरला ते साधारण २८ मीटर भरेल. मग नांगर लावून खाचरात तेच मोजा. २१ मीटर भरले, तर चाकाची पाव फेरी वाया जाते आहे. नांगरटीत दहापंधरा टक्के घसरण चालते, किंबहुना तेवढी हवीच. त्यापुढे डिझेल नुसता चिखल ढवळते. (रोटाव्हेटर लावून हे मोजू नका, पाती मागून रेटतात, आकडा फसवा येतो.) भाडे बहुतेक ठिकाणी तासावर असते, आणि चाक जागच्या जागी फिरत असले तरी घड्याळ थांबत नाही. केज व्हील नसलेला टू-व्हील तासाला स्वस्त आणि फोर-व्हील महाग असेल, तर ठरवताना गुंठ्याचा दर विचारावा. चालक गुंठ्याला तयार नसेल, तर त्याच्या टायरच्या नक्षीवर एक नजर टाकून घ्यावी.