फ्रेंच भाषा चाचण्यांचे गुण आणि प्रावीण्य-पातळ्या

फ्रेंच भाषेच्या चाचणीत मिळालेल्या गुणांवरून परीक्षार्थी एखाद्या सर्वमान्य श्रेणीतील कोणत्या पातळीवर आहे हे ठरविणे, याला गुण आणि प्रावीण्य-पातळी यांची सांगड घालणे असे म्हणतात. चाचणीतील ४३० गुण हा केवळ एक आकडा असतो. तो मिळविणारी व्यक्ती फ्रेंचमध्ये कोणते व्यवहार करू शकते, हे या सांगडीमुळे कळते. फ्रान्समध्ये २०२४ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे बी२ पातळी आवश्यक आहे. त्यामुळे पातळ्यांमधील सीमारेषा कशी आखली जाते, या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे.

युरोपीय संदर्भ चौकट

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषांसाठीची सामाईक युरोपीय संदर्भ चौकट प्रसिद्ध केली. (ही परिषद युरोपीय संघाहून वेगळी आहे.) या चौकटीत सहा पातळ्या आहेत : ए१ व ए२ (प्राथमिक), बी१ व बी२ (स्वावलंबी), सी१ व सी२ (प्रवीण). प्रत्येक पातळीचे वर्णन, त्या पातळीवरील व्यक्ती भाषेच्या साहाय्याने काय करू शकते, अशा विधानांनी केलेले आहे. ही चौकट कोणत्याही एका भाषेपुरती नाही आणि ती स्वतः परीक्षा नाही. कोणत्या चाचणीत किती गुण म्हणजे कोणती पातळी, हे ती सांगत नाही.

चाचण्यांचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात प्रत्येक पातळीची परीक्षा स्वतंत्र असते. डेल्फ (ए१ ते बी२) आणि डाल्फ (सी१ व सी२) या परीक्षा १९८५ साली सुरू झाल्या. मुंबई व पुणे येथील आलियाँस फ्रान्सेझमध्येही त्या घेतल्या जातात. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० गुण लागतात. हे प्रमाणपत्र कायमचे ग्राह्य असते.

दुसऱ्या प्रकारात सर्वांना एकच चाचणी असते आणि गुणांवरून पातळी ठरते. टीसीएफ या चाचणीचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. तिच्या श्रवण व वाचन विभागांची गुणश्रेणी अशी :

ए१ : १०० ते १९९
ए२ : २०० ते २९९
बी१ : ३०० ते ३९९
बी२ : ४०० ते ४९९
सी१ : ५०० ते ५९९
सी२ : ६०० ते ६९९

सीमारेषा आखण्याची पद्धत

युरोपीय परिषदेने २००९ साली यासाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार परीक्षक प्रथम चौकटीचा बारकाईने परिचय करून घेतात, चाचणीचा आशय चौकटीशी ताडून पाहतात, नमुन्यांवर एकमत साधण्याचा सराव करतात, मग सीमागुण ठरवितात आणि शेवटी प्रत्यक्ष निकालांवरून ते पडताळतात.

सीमागुण ठरविण्याची एक प्रचलित रीत अँगॉफ पद्धत या नावाने ओळखली जाते. बी२ पातळीच्या उंबरठ्यावर असलेल्या शंभर जणांपैकी किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील, असा अंदाज प्रत्येक परीक्षक प्रत्येक प्रश्नाबाबत करतो. तीन प्रश्नांसाठी हे अंदाज ८०, ६० आणि ४० असतील, तर उंबरठ्यावरील परीक्षार्थीचे अपेक्षित गुण ०.८ + ०.६ + ०.४ म्हणजे १.८ होतात. सर्व प्रश्नांची अशी बेरीज करून परीक्षकांच्या अंदाजांची सरासरी काढली जाते. सीमारेषा ही अशा रीतीने जाणकारांच्या शिस्तबद्ध निर्णयातून निर्माण होते. ती भाषेत आपोआप सापडत नाही.

संभाषण व लेखन यांसाठी आधी पातळी निश्चित केलेले नमुने वापरतात. फ्रेंच संभाषणाचे असे नमुने ठरविण्यासाठी २००४ साली सेव्र येथे परीक्षकांची बैठक झाली होती.

कॅनडाची श्रेणी

कॅनडामध्ये फ्रेंचसाठी १२ पातळ्यांची स्वतंत्र श्रेणी आहे. टीसीएफ कॅनडा या चाचणीत श्रवणाचे ३९८ ते ४५७ गुण म्हणजे सहावी पातळी, तर ४५८ ते ५०२ गुण म्हणजे सातवी पातळी होय. वाचनात सातवी पातळी ४५३ गुणांपासून सुरू होते. म्हणून श्रवणात ४३० गुण मिळविणारी व्यक्ती युरोपीय चौकटीनुसार बी२ ठरते, पण कॅनडाच्या श्रेणीत सहाव्या पातळीवरच राहते. तेथील एक्स्प्रेस एन्ट्री योजनेच्या फ्रेंच-प्रावीण्य गटासाठी चारही कौशल्यांत किमान सातवी पातळी लागते. केवळ ‘बी२ आहे’ एवढ्यावर विसंबणे अशा वेळी पुरेसे नसते.

मर्यादा

प्रत्येक चाचणीत मापनाची काही त्रुटी राहतेच. ३९९ आणि ४०० गुण मिळविणाऱ्या दोघांच्या भाषाज्ञानात फरक असेलच असे नाही, तरी त्यांची पातळी वेगळी नोंदली जाते. शिवाय डेल्फमध्ये एका कौशल्यातील उणीव दुसऱ्या कौशल्यातून भरून निघू शकते. प्रत्येक विभागात २५ पैकी किमान ५ गुण मात्र मिळवावे लागतात. त्यामुळे एकाच पातळीच्या दोन प्रमाणपत्रधारकांची संभाषणक्षमता सारखी असेलच असे नाही. निकाल वाचताना एकूण पातळीबरोबर प्रत्येक कौशल्याचे गुण, चाचणीचे नाव आणि ज्या श्रेणीत तो मागितला आहे ती श्रेणी, या तिन्ही बाबी पाहणे आवश्यक ठरते.