दोन तबकड्यांमधील वारा

जात्यावर दळलेलें ताजें पीठ हाताला ऊन लागतें, हें आपण सर्वच जाणतों. एक तळी स्थिर, दुसरी फिरती. त्यांच्यामधील ही ऊब येते कोठून आणि जाते कोठें, याचा आज थोडा विचार करूं.

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. रबरी रुळांचीं यंत्रें येण्यापूर्वी धानाचें टरफल काढण्यास भातगिरण्यांत तबकड्यांचें यंत्र वापरीत. कुरुंदाचा खरखरीत थर दिलेल्या दोन लोखंडी तबकड्या. जात्याच्या उलट येथें वरची स्थिर व खालची फिरती. त्यांच्यामधील फट दाण्याच्या लांबीहून थोडी कमी ठेवीत. दाणा मध्यावर पडे, दाबानें व घर्षणानें त्याचें टरफल फुटे, आणि तो कांठावरून बाहेर येई. एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटास २७० फेरे करूं लागली, कीं कांठाचा वेग सेकंदास सुमारें १४ मीटर होतो आणि तेथील कणास बाहेर लोटणारी ओढ त्याच्या वजनाच्या सुमारें ४० पट होते.

हीच ओढ हवेलाहि लागू आहे. फिरत्या तबकडीस चिकटलेला हवेचा थर तिच्याबरोबर फिरतो व कांठाकडे फेंकला जातो. त्याची जागा घेण्यास मध्यावर नवी हवा ओढली जाते. एकट्या तबकडीवरील या प्रवाहाचें गणित कार्मान यानें १९२१ सालीं मांडलें. समोर स्थिर तबकडी असली म्हणजे तिच्यालगतची हवा मंदावते, आणि कांठाकडील अधिक दाब तिला मध्याकडे ढकलतो. पेल्यांत ढवळलेल्या चहाची पूड तळाच्या मध्याशीं गोळा होते, ती याच कारणानें. अशा रीतीनें फिरत्या तबकडीवरून बाहेर व स्थिर तबकडीवरून आंत असें चक्र सुरू होतें, आणि तें एकीची उष्णता दुसरीकडे वाहून नेतें.

फट फारच अरुंद झाली, तर दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. चक्र नाहींसें होतें आणि उष्णता सरळ एका पृष्ठावरून दुसऱ्यावर जाते. उलटपक्षीं, फट रुंद असूनहि कांठ बंद असेल, तर तीच हवा पुनःपुन्हां फिरून तापत राहते. म्हणून मध्यावर थंड हवेस प्रवेश व कांठावर गरम हवेस वाट, दोन्ही हवींत. हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. उष्णतेनें दाण्यांतील ओलावा असमान झाला, कीं त्यास सूक्ष्म तडे जातात. पुढें पॉलिश करतांना तो फुटून कणी होते, आणि कणीला अख्ख्या तांदळाचा भाव मिळत नाहीं.

याच जिल्ह्यांत तिरोडा येथें ६६० मेगावॅटचे पांच संच असलेलें वीजकेंद्र आहे. तेथील वाफेच्या चक्क्या सेकंदास ५० फेरे घेतात. तापल्यावर फिरता व स्थिर भाग सारख्याच वेगानें प्रसरण पावत नाहींत. घाई केली तर ते एकमेकांस घासतील. म्हणून थंड संच सुरू करतांना तो हळूहळू तापवावा लागतो. गिरणी असो वा वीजकेंद्र, दोन भागांमधील फट राखणें आणि तेथील उष्णतेचा हिशेब ठेवणें, हें चालकाचें रोजचेंच काम आहे.