पांगळ्या हंसाची शुश्रूषा

हंस म्हटला की आपल्याला सरस्वती आणि नीरक्षीरविवेक आठवतो. मळ्यांवर राखणीसाठी पाळतात तो हंस मात्र अगदी संसारी पक्षी आहे. लोक त्याला सरसकट बदकच म्हणतात. परका माणूस दिसताच तो मान लांबवून ओरडतो. असा एक पांगळा हंस माझ्याकडे आहे. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मग पाच-सहा महिने छत्रपती संभाजीनगरातील आमच्या खोलीत आम्ही दोघेच असतो. अशा पक्ष्याची देखभाल एकट्याने करणे कठीण का असते, ते येथे सांगतो.

प्रथम पांगळेपणाचे कारण. हंसाच्या पिलाला नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा बरेच अधिक लागते. केवळ कोंबडीच्या खाद्यावर वाढलेल्या पिलांचे पाय त्यामुळे वाकू शकतात. लवकर उपाय झाला तर ते सुधारतात. हाड पक्के झाल्यावर नाही.

चालता न येणारा हंस दिवसभर छातीवर बसतो. तेथील पिसे झिजतात, कातडी सोलवटते. धड पायावर सारा भार पडून तळव्याला गळू होते. म्हणून वाळलेले गवत जाड अंथरावे लागते आणि तो सारखी घाण करीत असल्याने ते दिवसातून दोनदा बदलावे लागते. धान्य बेतानेच द्यावे, कारण वजन वाढले की पाय आणखी खचतो. जाधववाडीच्या बाजारातला उरलासुरला भाजीपाला धुऊन मी त्याला घालतो.

जखम धुणे हे खरे तर दोन माणसांचे काम. एकाने पंख धरायचे, दुसऱ्याने औषध लावायचे. पंखाचा फटका काठीसारखा बसतो. मी त्याला वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळतो, डोके मोकळे ठेवतो आणि मांडीत धरतो. उचलताना पाय किंवा पंख न धरता पोटाखाली हात घालावा.

आमच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. हंसाला तर डोके बुडेल इतके पाणी हवेच. त्याशिवाय डोळे व नाकपुड्या स्वच्छ राहत नाहीत. पाणी आले की मोठ्या टबात त्याला सोडतो. तेच पाणी पुढे झाडांना जाते. पाण्यात पायावरचा भार उतरतो आणि तेवढा वेळ तो पांगळा दिसत नाही. नंतर मात्र नीट पुसावे लागते. शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल चोचीने पिसांना लावताना त्याचा तोल जातो.

सर्वांत अवघड त्याचे एकटेपण. हंस कळपात राहणारा पक्षी आहे. जन्मताच जो हलता जीव दिसेल त्याच्यामागे पिलू लागते, हे कोनराड लोरेन्ट्स यांनी १९३५ साली सविस्तर मांडले. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. मी कॉलेजला निघालो की हा ओरडू लागतो. रासेयोच्या सात दिवसांच्या शिबिराला मी जाऊ शकलो नाही.

शेजारी म्हणतात, "सलीम अली सरोवरात सोडून दे." पण पांगळा पाळीव पक्षी तेथे कुत्र्यांच्या तोंडी जाईल. शिवाय उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. हंस वीस वर्षेही जगतो, माझे बी. ए. पुढच्या वर्षी संपेल. नोकरी कोठे लागेल कोणास ठाऊक! म्हणून हल्ली शेजारच्या एका शाळकरी मुलाला धोतरात गुंडाळण्याची रीत शिकवतो आहे. परवा त्याने फटका न खाता हंस उचलला.